बिनदिव्याची विजेरी

मागच्या पावसाळ्यात एक बाई दवाखान्यात आल्या. पिशवीतून त्यांनी तांब्याची एक जाडजूड नळी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगं दुबईहून सुट्टीवर आलंय. ही बॅटरी त्याच्या बॅगेत सापडली. पण हिला काच नाही, दिवा नाही. खालची कळ दाबली की वरचं टोपण तापतं आणि गोड वासाचा धूर येतो. आणि चार दिवस पोरगं लंगडतंय, विचारलं तर काही सांगत नाही."

ती विजेरी नव्हती, इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती, आणि त्यातही सर्वांत धोकादायक जातीची. तिला 'मेकॅनिकल मॉड' म्हणतात. मुलगा का लंगडत होता ते पुढे सांगतो. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना ती ओळखताच येत नाही.

चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ साली आजच्या धर्तीची इलेक्ट्रॉनिक सिगारेट तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. निकोटीन, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सुगंध यांचे मिश्रण कापसात मुरवतात, त्याभोवतीची बारीक तारेची कॉइल सेलवर तापते आणि त्या द्रवाची वाफ होते. ती वाफ ओढायची. साध्या उपकरणात सेल आणि कॉइल यांच्यामध्ये एक छोटी चिप असते. कॉइलमध्ये शॉर्ट झाले, सेल फार उतरला किंवा कळ जास्त वेळ दाबली गेली, तर ही चिप वीज तोडते. मेकॅनिकल मॉडमध्ये मात्र चिप नाही, वायर नाही, फ्यूज नाही. धातूची नळी, आत एक सेल, तळाला कळ आणि माथ्यावर कॉइल, एवढाच कारभार. नळीचा धातू हीच वायर. आपली जुनी पितळी विजेरी असते तशीच रचना, फक्त दिव्याच्या जागी कॉइल. २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि फिलिपाईन्समध्ये तरुणांना या नळ्यांचे मोठे वेड लागले. तांबे चांगले की पितळ, चांदीचा मुलामा द्यावा की नाही, यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालत.

भारतात २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण सोडून बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मग या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण आपली मुले नोकरी-शिक्षणासाठी आखातात जातात, ब्रिटनला जातात. तिथे काही ठिकाणी ही वस्तू उघडपणे दुकानात मिळते, आणि येताना ती बॅगेतून घरी येते. घरात आलेल्या वस्तूपासून धोका काय, हे घरच्यांना ठाऊक असलेले बरे.

थोडे गणित करू, शाळेतलेच आहे. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट. त्याला कॉइलच्या रोधाने, म्हणजे ओहमने, भागले की करंट निघतो. कॉइल अर्ध्या ओहमची असेल तर ८.४ अँपिअर. दाट धुरासाठी मुले ती ०.२ ओहमची करतात, मग करंट होतो २१ अँपिअर. ०.१ ओहमला ४२ अँपिअर! तुलनेला सांगतो, न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो. या नळ्यांत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो, म्हणजे जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. त्यातला उत्तमातला उत्तम सेलही सतत २० ते ३० अँपिअरच्या आसपासच सोसतो. वेष्टनावर ४० लिहिलेले असते ते बहुतेक वेळा खोटे. त्यापुढे सेल आतून तापतो, एका मर्यादेनंतर ती उष्णता स्वतःच वाढत जाते आणि सेल फुटतो. लोखंडी किंवा तांब्याच्या बंद नळीत सेल फुटला तर काय होईल, हे दिवाळीत डब्याखाली सुतळी बॉम्ब लावणाऱ्या पोरांना विचारावे. म्हणूनच नळीला वायू बाहेर जाण्यासाठी पुरेशी भोके आहेत की नाही, ही निवडीतली पहिली कसोटी. नक्षीकाम नंतर.

आता धातूंकडे वळू. वीज वाहण्याची तांब्याची क्षमता १०० मानली तर चांदीची सुमारे १०५, ॲल्युमिनियमची ६० च्या आसपास, पितळेची २८ च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलची अवघी २ ते ३. म्हणून हौशी माणूस तांब्याची नळी आणि चांदीचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट शोधतो. पण ज्या घरात तांब्या-पितळेची भांडी आहेत त्या घराला सांगायला नको की, तांबे दोन दिवसांत काळवंडते आणि ओल राहिली की हिरवा कळंक धरते. चांदीही काळी पडते. असा थर चढला की कॉन्टॅक्टचा रोध वाढतो. तो फक्त ०.०१ ओहमने वाढला असे धरा. २० अँपिअर करंट जाताना त्या एका ठिपक्यावर ४ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही नेमकी कळेच्या तोंडाशी. कळेखालची स्प्रिंग अशी वारंवार तापली की तिचा ताण जातो, ती बसते आणि कळ दाबलेलीच राहते. खिशात असताना हे झाले तर थांबवणारे कोणी नाही, कारण चिपच नाही. काही कळांत स्प्रिंगऐवजी चुंबक असतो. तोही फार तापला की जोर गमावतो.

त्यामुळे मेकॅनिकल मॉड वापरणाऱ्याला देखभाल हा हौसेचा भाग वाटतो, पण खरे तर तीच एकमेव सुरक्षा आहे. आटे आणि कॉन्टॅक्ट दर आठवड्याला स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसावे लागतात. या नळीत आट्यांमधूनही वीज जाते, म्हणून त्यांत गळलेला द्रव आणि मळ राहून चालत नाही. काळवंडलेल्या तांब्याला लिंबू किंवा चिंच-मीठ चालते, पण सेल बाहेर काढून, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करून. पॉलिश पेपरने घासल्यास चांदीचा मुलामा निघून जातो. कळ अडकवून ठेवण्याची फिरकी नसेल तर ती नळी खिशात ठेवण्याच्या लायकीची नाही. आणि नळी किंवा कळ हाताला गरम लागली तर ते 'जोरात चालते आहे' याचे लक्षण नसून कुठेतरी वीज वाया जात असल्याचे लक्षण आहे. तेव्हा कळ सोडून सेल ताबडतोब काढावा.

मात्र सर्वांत वाईट अपघात कळंकाने होत नाहीत. ते दोन साध्या गोष्टींनी होतात. सेलचे वरचे मधले टोक तेवढे धन असते. त्याभोवतीची कड, अंग आणि तळ हे सगळे ऋण. दोघांना वेगळे ठेवते ती कडेखालची एक छोटी चकती आणि कागदासारखे पातळ प्लास्टिकचे वेष्टन. हे वेष्टन अंगावर फाटले तर धातूची नळी थेट सेलला लागते आणि कळ न दाबताही कॉइल तापत राहते. दुसरी गोष्ट माथ्याच्या जोडणीची. काही नळ्यांत मधला कॉन्टॅक्ट मुद्दाम काढून टाकलेला असतो आणि कॉइलच्या भांड्याची खालची पिन सरळ सेलवर टेकते. पिन आट्यांच्या बाहेर नीट आलेली नसेल तर आट्यांची कड एकाच वेळी धन आणि ऋण दोन्हींना टेकते. मग पूर्ण शॉर्ट. हे कळायला डोळे हवेत, इंजिनिअरिंग नको. पण पार्टीत कोणाची तरी नळी आणि कोणाचे तरी भांडे जोडून ओढणाऱ्या मुलांना ते कोण सांगणार?

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या, वृत्तपत्रांतून आलेल्या, इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या आगी आणि स्फोटांची मोजदाद केली. घटना १९५, जखमी १३३, त्यांपैकी ३८ गंभीर. लक्षात घ्यावे असे की, ६१ घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या आणि ६० प्रत्यक्ष ओढताना. त्या काळात मृत्यू नव्हता. पुढे मे २०१८ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे ३८ वर्षांच्या एका माणसाचा मेकॅनिकल मॉड फुटून तुकडे डोक्यात घुसल्याने मृत्यू झाला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे २४ वर्षांच्या तरुणाच्या मानेची मुख्य रक्तवाहिनी अशाच तुकड्याने तुटली, आणि तो वाचला नाही.

वाचकांना वाटेल, नळी चांगली निवडली आणि चकचकीत ठेवली म्हणजे झाले. इथे डॉक्टर म्हणून माझी खरी तक्रार आहे. लोक घासतात तळाची कळ, आणि फुफ्फुसात जातो तो माथ्यावरच्या कॉइलचा धातू. कॉइल निक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची असते, किंवा लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ती तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि सारा वेळ द्रवात बुडलेली असते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर भागातील ५६ वापरणाऱ्यांची स्वतःची उपकरणे तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी थोडे होते. तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर वाफेत शिसे, क्रोमियम, निकेल, मँगनीज यांचे प्रमाण वाढलेले आढळले. शिसे तर पंचवीस पटींहून अधिक. शिसे मेंदूला आणि मज्जातंतूंना घातक असते. निकेल आणि क्रोमियमची काही संयुगे श्वासातून गेल्यास फुफ्फुसाचा कर्करोग करतात. कापूस कोरडा पडून जळाला तर त्यात फॉर्मल्डिहाइडची भर. चांदीचा मुलामा यातले काहीही अडवत नाही.

जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी म्हणून याकडे वळलेल्या माणसाला मी एवढेच म्हणेन की, चिप असलेले साधे उपकरण घ्या, मेकॅनिकलच्या वाटेला जाऊ नका. जळत्या सिगारेटपेक्षा वाफेत विषारी द्रव्ये कमी असतात हे खरे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याला तर यात मिळवायचे काहीच नाही. आपल्या गावात सोडायचे असेल तर औषधांच्या दुकानात निकोटीनचे च्युइंगगम मिळते, आणि तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६.

आता त्या मुलाचे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. नळीने त्याला काही केले नव्हते. पॅन्टच्या खिशात सुटा सेल आणि मोटारसायकलची किल्ली एकत्र होती. किल्ली दोन्ही टोकांना टेकली, कापड पेटले आणि मांडीवर तळहाताएवढा भाग भाजला. आईला कळू नये म्हणून त्याने त्यावर टूथपेस्ट लावून पट्टी बांधली होती. ती खरवडून काढताना त्याला झाल्या त्या वेदना भाजण्याच्या वेदनांहून कमी नसाव्यात. सेलने भाजल्यास कपडा लगेच काढावा, कातडीला चिकटलेला मात्र ओढू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नये. आणि डॉक्टरांना 'गरम पाणी सांडले' असे न सांगता सेल फुटला हे स्पष्ट सांगावे, कारण आतली रसायने कातडीला वेगळी इजा करतात व उपचार बदलतो. तोंडाशी स्फोट झाला असेल तर घरी काही न करता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

त्याची जखम भरायला पाच आठवडे लागले. नळी त्याने आईच्या हवाली केली. जुन्या सेलचे काय करायचे, असे बाईंनी विचारले. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, असे सांगितले. कचऱ्याच्या डब्यात नको, आणि बंबात तर मुळीच नको.