पट्टा थांबला, म्हणजे मोटर गेली का?

मीरा-भाईंदरच्या सदनिकांत ट्रेडमिल आता नवलाची राहिलेली नाही. पट्टा सुरू होऊन काही सेकंदांतच थांबला, की मोटर बदलण्याचा खर्चिक सल्ला मिळतो. तो लगेच मानू नये. पट्टा हलला, म्हणजे मोटर जळालेली नाही. बहुधा पुलीवरील चुंबक निसटलेले असते, किंवा त्यासमोरचा स्पीड सेन्सर जागचा सरकलेला असतो. दोहोंत काही मिलिमीटरांचेच अंतर हवे. वेगाचा संकेत न आल्यास नियंत्रक पट्टा मुद्दाम थांबवतो, कारण वेग कळत नसताना तो अनावर वाढू शकतो. घरात वृद्ध असतील तर सेन्सर टाळून यंत्र चालवण्याची कारागिराची युक्ती साफ नाकारावी. रिकामा पट्टा नीट चालून पाऊल पडताच अडखळत असेल, तर फळीवरील सिलिकॉन तेल आणि पट्ट्याचा ताण पाहावा. झाकण उघडण्यापूर्वी मात्र प्लग काढून काही मिनिटे थांबावे. कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते.