ट्रॅकबॉल बसवण्याआधी खोली मोजा

अटारीचा 'सेंटिपीड' (१९८१) घरच्या आर्केड कॅबिनेटवर खेळायचा, तर जॉयस्टिक तोकडी पडते. तिथे ट्रॅकबॉलच हवा. मूळ यंत्रात सव्वादोन इंची चेंडू होता, गोल्फच्या 'गोल्डन टी'त तीन इंची. मोठा चेंडू हाताला सुखावतो, पण त्याचा सांगाडा फळीखाली बरीच जागा व्यापतो. फळी एकदा कापली की चूक निस्तरणे कठीण; म्हणून आतली खोली आधी मोजावी. चेंडूखालचे दोन रूळ खाचांच्या चकत्या फिरवतात आणि प्रकाशसंवेदक त्या खाचा टिपतात. यूएसबी जोडणीचा संच घेतल्यास संगणक त्याला माऊसच समजतो. पॉइंटर उलट दिशेला धावला, तर यंत्र बंद करून त्या दिशेच्या दोन संकेततारांची अदलाबदल करावी. पाच व्होल्टच्या तारेला मात्र हात लावू नये.