जिवंत माशाला हात घालताना जरा जपून!

मैत्रिणींनो, भिगवणकडचा कुणी पाहुणा स्वारगेटला एस.टी.तून उतरतो आणि हातातला डबा ओट्यावर ठेवत म्हणतो, "वहिनी, उजनीचे मासे आणलेत हं, अगदी ताजे!" स्वारगेटजवळच्या आमच्या बिऱ्हाडांत हे काही नवं नाही. शेजारच्या वहिनींकडे असाच एक डबा आला. तळाशी बोटभर पाणी आणि त्यात निपचित पडलेले मासे. इतक्या प्रवासानंतर मेलेच असणार, असं समजून त्यांनी खुशाल हात घातला आणि एकदम किंकाळी फोडली! अंगठ्याला भोक एवढंसं, पण कळ पार खांद्यापर्यंत. कुणी बर्फ धरला, कुणी हळद-चुना लावला, कुणी मनगटाला करकचून रुमाल बांधला. कळ काही थांबेना. शेवटी डॉक्टरांनी हात गरम पाण्यात बुडवायला लावला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तो मासा होता शिंगी. रंगानं काळपट तपकिरी, अंग बुळबुळीत, खवले नाहीत, तोंडाभोवती आठ मिशा. लांबी साधारण वीतभर, फार तर फूटभर. कल्ल्यांशेजारच्या दोन परांत एकेक टोकदार काटा असतो आणि त्या काट्यावरच्या कातडीत विष असतं. काटा रुतला की ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं.  हे काटे आहेत ते स्वतःच्या बचावासाठी.

मग पाण्याबाहेर तो मरत कसा नाही? कल्ल्यांपासून शेपटीच्या दिशेनं पाठीच्या कण्यालगत त्याच्या अंगात दोन लांब नळ्या असतात. पाण्यावर तोंड काढून तो त्यांत हवा भरून घेतो. त्यामुळे गढूळ डबकं असो की आटत चाललेलं तळं, चिखलातही तो तग धरतो. 1794 साली ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला 'फॉसिलिस' म्हणजे 'खणून काढलेला' असं नाव दिलं, ते किती शोभतं पहा! उन्हाळ्यात त्याला जगवणारी हीच युक्ती त्याला तुमच्या मोरीपर्यंत जिवंत आणते. म्हणून निपचित दिसला तरी मेला असं समजू नका. आणि मेलेल्या माशाचा काटाही टोचतोच.

मासे विकत घेत असाल तर काटे तिथेच छाटून मागा. घरी साफ करायची वेळ आली तर मासा जाड फडक्यानं किंवा सांडशीनं धरा. छाटलेले काटे कागदात नीट गुंडाळून टाका, नाहीतर केर भरणाऱ्या बाईच्या हाताला लागायचे! मांस खायला मात्र काही भीती नाही. बंगाली घरांत तर आजारातून उठलेल्या माणसाला शिंगीचा रस्सा मुद्दाम देतात.

आणि काटा लागलाच तर? जखम स्वच्छ धुवा. दिसणारा काटा काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे 45 अंशांपर्यंत, हात बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको! पाणी आधी दुसऱ्या, धड हातानं पाहा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. अर्धा ते दीड तास शेक चालू द्या, निवलं की पाणी बदला. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं त्याचा जोर मोडतो. समुद्रातल्या पाकटाचा काटा लागला तरी हाच उपाय. जखम चिरू नका, चोखू नका, वर घट्ट बांधूही नका.

कळ थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच. आत काट्याचा तुकडा राहिलेला असू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागेल. सूज चढली, ताप आला, श्वास लागला किंवा घरच्या माणसाला मधुमेह असेल, तर मुळीच वेळ दवडू नका.

पुढच्या वेळी पाहुण्यानं डबा पुढे केला की कौतुक जरूर करा, पण हात घालण्याआधी विचारा, "भाऊजी, ह्यात मिशावाले आहेत का हो?"