सिद्दी याकूतखानाच्या कारकीर्दीचीं साधनें

श्रीवर्धन तालुक्यांतील दिघी बंदरावर उभें राहिलें म्हणजे राजपुरी खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा तट दृष्टीस पडतो. या जलदुर्गाच्या व आरमाराच्या बळावर सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान यानें इ. स. १६७० पासून सुमारें छत्तीस वर्षें मराठ्यांशीं झुंज दिली आणि मुंबईकर इंग्रजांसही जेरीस आणलें. परंतु त्याची जी हकीकत आपण वाचतों ती बहुतेक परक्यांच्या लेखणींतून उतरलेली आहे. न्यायशास्त्रानें शब्द हें प्रमाण मानलें, पण तो आप्ताचा असेल तरच. तेव्हां यांपैकीं कोणता साक्षीदार कोणत्या गोष्टीपुरता आप्त समजावा, याचा विचार करणें अवश्य आहे.

प्रथम फारसी साधन. खाफीखानाचा 'मुन्तखब-उल्-लुबाब' हा ग्रंथ मुहंमदशहाच्या अमदानींत पुरा झाला. होळीच्या रात्रीं मराठे बेसावध असतां याकूत व खैरियत या दोघांनीं समुद्राकडून व जमिनीकडून दंडा-राजपुरी कशी घेतली, याचें सविस्तर वर्णन त्यांत आहे. दारूचें कोठार उडाल्याचा आवाज कित्येक कोसांवर निजलेल्या शिवाजी महाराजांस ऐकूं जाऊन ते जागे झाले, हा मजकूरही तेथलाच. हा प्रसंग इ. स. १६७१ च्या सुमाराचा. म्हणजे ग्रंथ पुरा होण्यापूर्वीं अर्धशतकाहून अधिक काळ लोटलेला. याच्या उलट, सुरतेहून राहिरीस माल नेतांना याकूतखानाच्या लोकांच्या सोबतीसाठीं आपणांस दहाबारा दिवस थांबावें लागलें, असें तो जें सांगतो तें स्वानुभवाचें आहे. त्या काळीं किनाऱ्यावरील वाटचाल कोणाच्या आश्रयानें होत असे, हें त्यावरून कळतें. एकाच ग्रंथांतील या दोन मजकुरांस सारखी किंमत देतां येणार नाहीं.

मराठी साधनांत कृष्णाजी अनंत सभासदाची बखर प्रसिद्धच आहे. ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. तेव्हां सिद्दी तींत शत्रु म्हणूनच येणार. तिच्याहून मोलाचें साधन म्हणजे प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनीं जानेवारी १६७५ मध्यें धाडलेलें पत्र. कांसा बेटावरील पद्मदुर्गाच्या कामास पैका व गल्ला वेळेवर पोंचविला नाहीं म्हणून त्यांत सुभेदाराची कडक कानउघाडणी असून, हबशांनीं तुम्हांस फितविलें कीं काय, असा संशयही दर्शविला आहे. हें पत्र इतिहासासाठीं लिहिलेलें नाहीं. कामाच्या तातडीनें लिहिलें आहे. म्हणूनच सिद्दीशीं चाललेला झगडा तरवारीइतकाच रसदेचाही होता, ही गोष्ट त्यांतून निर्विवाद सिद्ध होते.

तिसरा साक्षीदार इंग्रज. सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत माझगांवच्या आश्रयास येई; बादशहाची भीड व मराठ्यांचें भय या दोहोंच्या कचाट्यांत सांपडलेल्या कंपनीच्या नोकरांनीं त्याच्या हालचाली टिपून ठेवल्या. आरमाराच्या अधिकारावरून इ. स. १६७७ मध्यें सिद्दी संबळ व कासम यांच्यांत जो तंटा झाला त्याचा तपशील याच कागदांवरून लागतो. परंतु मुंबईच्या इ. स. १६८९–९० च्या वेढ्याविषयीं अलेक्झांडर हॅमिल्टन जें लिहितो तें जपून घ्यावें. तो त्या वेळीं तेथें होता हें खरें. पण गव्हर्नर जॉन चाइल्ड याजवरील त्याचा रोष पानोपानीं दिसतो, व त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो इ. स. १७२७ मध्यें.

शेवटीं पाषाणाची साक्ष. मुरुडजवळ खोकरी येथें सिद्द्यांचे तीन घुमट आहेत. त्यांपैकीं एक याकूतखानाचा. तेथील लेखांत त्याचा मृत्यु गुरुवार, ३० जमादिलावल, हिजरी १११८ या दिवशीं झाल्याचें नमूद आहे. गॅझेटियरांत यापुढें इ. स. १७०७ हें साल दिलेलें असून तेंच पुढील लेखकांनीं उचललें आहे. आतां हिजरी १११८ हें वर्ष एप्रिल १७०६ च्या मध्यास सुरू होतें. जमादिलावल हा पांचवा महिना. त्याची ३० तारीख गणितानें ९ सप्टेंबर १७०६ रोजीं पडते, आणि त्या दिवशीं वारही गुरुवारच येतो. वर्ष, महिना, तिथि व वार हीं चारही जुळत असतां १७०७ हें साल सोडून १७०६ स्वीकारणेंच प्राप्त आहे.

हा केवळ आंकड्याचा खल नव्हे. औरंगजेब मार्च १७०७ मध्यें, त्याच हिजरी वर्षांत, अहमदनगरास वारला. १७०७ हें साल धरल्यास याकूतखानाचा अंत बादशहाच्या निधनानंतरच्या धामधुमींत पडला असा समज होतो, व त्यावरून जंजिऱ्याच्या स्वतंत्रपणाविषयीं नाना तर्क निघूं शकतात. वस्तुतः तो बादशहाच्या सुमारें सहा महिने आधीं गेला; मोंगली सत्तेचा उतार पाहण्याची वेळ त्याजवर आलीच नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. या किनाऱ्यावरील सनदा व इनामपत्रें वाचतांना हिजरी व सुहूर या सनांची गल्लत होऊं देऊं नये. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. तेव्हां १११८ हाच आंकडा सुहूर मानल्यास १७१७–१८ निघेल आणि मेलेला मनुष्य अकरा वर्षें सनदा देत बसेल. श्रीवर्धन, म्हसळें, मुरुड या भागांत ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें असतील त्यांनीं नक्कल करतांना वार, तिथि, महिना व शिक्का हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. आपल्या हिशेबानें काढलेला इसवी सन तेवढा लिहून मूळ मिती गाळूं नये. खोकरीच्या लेखांत वार कोरलेला होता म्हणूनच ही चूक आज दुरुस्त करतां आली.