गाडीचा तिसरा मालक

बीड जिल्ह्यात मोटारसायकल सहसा एकाच घरी म्हातारी होत नाही. शोरूममधून ती निघते ती नोकरदाराच्या, दुकानदाराच्या, नाहीतर कापसाचे पैसे नुकतेच हाती आलेल्या शेतकऱ्याच्या दारात. चार-पाच वर्षांनी ती दुसऱ्याकडे जाते. तिसरा मालक तिला अंगणात नाही, बांधावर उभी करतो. तिच्यावर दुधाचे कॅन, खताची गोणी, चाऱ्याच्या पेंढ्या लादतो आणि दिवाळीच्या आगेमागे बायको-पोरासह ऊसतोडीला निघतो. मोटारसायकलच्या भविष्यावर बोलणारे बहुतेक जण पहिल्या मालकाचा विचार करत असतात. निकाल मात्र तिसऱ्याच्या हाती आहे, असं मला वाटतं.

या भागाला दुचाकीची सवय लागली ती शेजारच्या कारखान्यांच्या काळात. 1972मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, तीही पलीकडच्या नगरमधून. सायकलीपेक्षा जराशीच मोठी, पेडल मारून चालू होणारी. जोडीला राजदूत, येझदी, बुलेट ही वजनदार मंडळी. 1985मध्ये औरंगाबादजवळ (आताचं संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी एम-80 आणि कावासाकी बजाजची केबी-100 बाजारात आल्या. एम-80ला चढावर धूर ओकत दूध-भाजी वाहताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या गाडीबद्दल आजही आदर वाटतो. मराठवाड्यातली कितीतरी पोरं वाळूजला कामाला लागली. गावाकडे धावणाऱ्या गाड्या आणि त्या जोडणारे हात एकाच मुलखातले.

पण सगळं बदलून टाकलं ते टू-स्ट्रोकच्या जागी आलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनाने. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ते जळतं, आणि न जळलेलं पेट्रोलही धुरासोबत बाहेर जातं. आरएक्स-100 हे त्या घराण्यातलं लाडकं कार्टं. तिच्या पिकअपच्या आठवणी सांगताना पन्नाशीतली माणसं आजही विशीत जातात. 1985मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-100 आली, 1994मध्ये स्प्लेंडर. 97.2 सीसी, एक सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन, आडवं निजवलेलं. ताकद बेताची; पण लिटरमागे पल्ला लांबचा. हिरो आणि होंडा 2011मध्ये वेगळे झाले, टाकीवरचं नाव बदललं, गाडी तीच राहिली. तीस वर्षांत तिचं रूपडं फार बदललेलं नाही, यात कंपनीचा आळस नाही. जुन्या गाडीचे बरेच सुटे भाग नव्या गाडीला चालतात आणि केज-धारूरच्या पत्र्याच्या गॅरेजमध्येही मिळतात. तिसऱ्या मालकाला याहून वेगळी स्टाईल नको असते.

स्टाईल हवी असणारा पहिला मालक बीडमध्येही आहेच. 2001च्या अखेरीस पल्सर आली आणि कॉलेजच्या आवारात तिची टाकी, मागचा भाग, आवाज यांवर चर्चा झडू लागल्या. 2003मध्ये बजाजने तिला एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. इंधन दोन्ही बाजूंनी पेटतं म्हणून ते लवकर आणि नीट जळतं. याच तंत्राच्या पेटंटवरून पुढे बजाज आणि टीव्हीएस बरीच वर्षं कोर्टात भांडले. आता गोल हेडलाईटचा जमाना परत आलाय. जावा 2018मध्ये पुन्हा अवतरली, 2023मध्ये बजाजने चाकणला बनवलेली ट्रायम्फ स्पीड 400 आली. बुलेटचा थाट वेगळाच. तिला पुंगळी लावून फटाके फोडणाऱ्यांचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे.

खरा खटका उडाला तो 1 एप्रिल 2020ला. प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि शंभर सीसीच्या गाडीतही फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर मिस्त्री तो उघडायचा, जेट तोंडाने फुंकायचा, पुन्हा बसवायचा. आता किती पेट्रोल सोडायचं ते सेन्सरांनी दिलेल्या माहितीवरून एक छोटा संगणक ठरवतो. धूर कमी झाला, थंडीत किक मारत बसावं लागत नाही, हे खरंच. पण रिझर्व्हची कॉकही गेली. पेट्रोल पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणजे 'पन्नासचं टाक' म्हणत तळाशी गाडी चालवण्याची जुनी सवय त्याला मानवत नाही. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. झाडाखालच्या ज्या मिस्त्रीने स्कॅनर घेतला तो टिकला, बाकीचा पंक्चरपुरता उरला.

त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, शिवाय ते पाणी ओढतं. जुन्या गाडीचे रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेलेच नाहीत. म्हणजे ॲव्हरेज घटण्याचा आणि नळ्या-वॉशर बदलण्याचा भार पडतो जुनी गाडी चालवणाऱ्यावर. हे इथेनॉल मका-तांदळापासून होतं तसंच उसाच्या रसापासून, मळीपासूनही. बीडमधून लाखोंच्या संख्येने मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोच ऊस तोडायला जातात. त्यांच्या घामाचा थेंब देशाच्या टाकीत पोचला, त्याची झीज त्यांच्याच गाडीच्या वाट्याला आली. या हिशेबावर धोरण लिहिणाऱ्यांनी फार वेळ घालवलेला दिसत नाही. पूर्ण इथेनॉलवर चालणारी अपाचे टीव्हीएसने 2019मध्येच बाजारात आणली होती, पण तसं इंधन गावाच्या पंपावर नाही.

5 जुलै 2024ला पुण्यात बजाजने फ्रीडम 125 आणली. सीटखाली दोन किलो सीएनजीची टाकी, जोडीला दोन लिटर पेट्रोल, हँडलवरच्या बटणाने इंधन बदलायचं. कारखान्यातूनच सीएनजीवर निघालेली जगातली पहिली मोटारसायकल, असं कंपनी सांगते. कल्पना बीडच्या स्वभावाची आहे: खर्च कमी, सीट लांबलचक (ट्रिपलसीट कायद्यात बसत नाही, हे सीटला कोण सांगणार?). अडचण एकच, गॅस भरायला वाट वाकडी करावी लागली तर वाचलेले पैसे त्या वाटेवरच जातात. धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या गावाला ती परवडेल, पाटोद्याच्या आडवाटेला कठीण.

आणि बॅटरी? बजाजने 2020मध्ये चेतक विजेवर परत आणली, 2024मध्ये लुनाही ई-लुना होऊन आली. त्याच वर्षी एथरने संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना काढायचं जाहीर केलं. शहरात, घरी मीटर असलेल्याला विजेची स्कूटर उत्तम. पण बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महागडा भाग, आणि बीडचा मे महिना तिच्या आयुष्याला बरा नाही. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या उष्णता जास्त सोसतात, अधिक वेळा चार्ज होतात. वजन मात्र वाढतं. आठ वर्षांनी ती गाडी तिसऱ्या मालकापर्यंत आली तर तो काय विकत घेईल? इंजिनाला बोअर मारून नवा पिस्टन टाकता येतो, ते काम तालुक्याच्या लेथवर होतं. संपलेल्या बॅटरीला असा पुनर्जन्म तालुक्यात मिळत नाही. जुन्या बॅटरीची तपासणी करणारा, तिचे खराब सेल बदलून हमी देणारा माणूस माजलगाव-परळीत उभा राहत नाही तोवर सेकंडहँड बाजार विजेच्या गाडीला भाव देणार नाही. आणि तिथे भाव नसेल तर पहिला मालकही हात आखडता घेतो. आयटीआयमध्ये आता विजेच्या वाहनांचा मेकॅनिक हा अभ्यासक्रम आलाय. माझा अंदाज विचाराल तर पुढची दहा-पंधरा वर्षं इथे इथेनॉल पिणारी शंभर सीसीच चालेल. बीड-अंबाजोगाईच्या गल्ल्या आधी विजेवर जातील, बालाघाटातल्या वाड्या-वस्त्या सगळ्यात शेवटी.