प्रार्थनामंदिर कुणाच्या नावावर?

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी स्वतंत्र ख्रिस्ती मंडळी बहुधा एखाद्या घरातच जमू लागते. मग वर्गणीतून जागा घेतली जाते आणि खरेदीखतावर सोयीसाठी पाळकांचे नाव लागते. धोका इथेच आहे. कागदोपत्री ती त्यांची खासगी मालमत्ता ठरते. त्यांच्या निधनानंतर वारस हक्क सांगू शकतात आणि मंडळीला वर्गणीच्या पावत्या घेऊन कोर्टाची पायरी चढावी लागते.

सर्वांत भक्कम वाट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची नोंदणी. लातूर जिल्ह्यातल्या मंडळीसाठी हे काम लातूरच्या धर्मादाय कार्यालयात होते. नुसती नोंदणी मात्र पुरत नाही. खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करून जागा खरोखर न्यासाच्या नावे करावी, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर फेरफार करून घ्यावा. त्यानंतर कलम ३६ चे कवच मिळते: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना इमारत विकता येत नाही, तीन वर्षांहून अधिक काळ भाड्यानेही देता येत नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला, की पुढे खरे विश्वस्त कोण यावरूनच वाद पेटतो.

दुसरा पर्याय म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवणे. पण धार्मिक हेतूची अशी संस्थाही महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासच मानली जाते.

तिसरा पर्याय, इमारत एखाद्या मोठ्या न्यासाकडे सोपवण्याचा. विश्वस्त मिळत नसतील तर तो उपयोगी. पण मंडळी विसर्जित झाल्यास इमारतीचे काय, हे लेखी ठरल्याशिवाय सही करू नये.