चंद्राची मालवाहतूक

वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जाताना ठाण्यानंतर विक्रोळी लागते. तिथे गोदरेज इस्रोसाठी ‘विकास’ इंजिनं घडवते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. बाजूच्या दोन बूस्टरांत प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन. त्यांचे भाग घडवणाऱ्यांत वालचंदनगर, तेच साखर कारखान्यांच्या यंत्रांचं! पण आराखडा इस्रोचा, जोखीमही इस्रोचीच. आपल्या कंपन्यांनी भागांवरच थांबावं, हे मला खटकतं. नासा आता चंद्रापर्यंतची मालवाहतूकच विकत घेते: यान कंपनीचं, उपकरणं नासाची. इंट्यूटिव्ह मशीन्सचं ‘ओडिसियस’ २२ फेब्रुवारी २०२४ ला उतरलं आणि कलंडलं, तरी माहिती पाठवत राहिलं. फायरफ्लायचं ‘ब्लू घोस्ट’ मात्र २ मार्च २०२५ ला सरळ उभं राहिलं.